पर्च ९८चे पैसे आता कोणाला द्यायचे?

चिंचोका, शुक्रवार, रात्री ११:१०

आईच्या घरी रंगकाम काढलंय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सीड्या निघाल्या. एकीवर मार्करने लिहिलंय, "नेटचं सगळं, पुसू नये". अक्षर माझंच. बाकीच्या सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत, ही उघडली. आत पर्च९८चा फोल्डर, सेटअपसकट. वर लॉगसुद्धा, म्हणजे तेव्हाच्या गप्पांच्या नोंदी. १९९९च्या पावसाळ्यापासून २००१पर्यंतचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पर्च हा विंडोजवरचा गप्पांचा प्रोग्रॅम. गप्पा आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या लेखी गप्पांच्या जाळ्यावर चालायच्या आणि पर्च हे तिथं शिरायचं दार. आजच्यासारखं सगळं एकाच कंपनीचं नसायचं. सर्व्हर एकाचा, प्रोग्रॅम दुसऱ्याचा आणि फोनचं बिल वडिलांचं. पर्च नॉर्थवेस्ट कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावाच्या कंपनीचा होता. पर्च९८ आला आणि गाडी तिथंच थांबली, ९९ काही आला नाही.

लॉगमधला एक तुकडा. मुळात रोमनमध्ये आहे, मी देवनागरीत उतरवलाय:

<आकाशकंदील> आलास?
<चिंचोका> हो. आजी फोनवर होती
<आकाशकंदील> जेवलास का
<चिंचोका> खिचडी. तुझं?
* आकाशकंदील: पिंग टाइमआउट

पिंग टाइमआउट म्हणजे जोडणी तुटली. पुढचे अकरा दिवस आकाशकंदील फिरकलेलं नाही. मी रोज हजर.

तर मुद्दा असा की पर्च शेअरवेअर होता. वापरून बघा, आवडला तर पैसे पाठवा. मी अडीच वर्षं वापरून बघत होतो. नोंदणीचा नंबर मित्राने फ्लॉपीच्या लेबलवर लिहून दिला होता, ती फ्लॉपीही त्याच डब्यात सापडली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. म्हणून दोन प्रश्न. हा प्रोग्रॅम आजच्या मशिनवर चालेल का? आणि पैसे आज द्यायचे म्हटले तर द्यायचे कोणाला?


ढब्बू_मिरची, ११:१८

रुमाल टाकून ठेवते. आकाशकंदीलचं पुढे काय झालं ते आधी सांगा, पैशांचं मागाहून बघू.


सदाशिव_पेठी, ११:३१

उच्चार पिर्च. आम्ही सगळे पिर्चच म्हणायचो.


मॉडेमवाला, ११:५२

आम्ही म्हणजे कोण? आमच्या सायबर कॅफेत सगळे पर्च म्हणायचे. पोलरगीक्स आयआरसी हॅक, याची आद्याक्षरं घेतली की झालं नाव. आता आद्याक्षरांचा उच्चार कोण ठरवणार, भांडा खुशाल.

चिंचोका, डोळ्यांत पाणी आणलंस बाबा. तेव्हा दोन पंथ होते, एमआयआरसीवाले (तोही तसाच आयआरसीचा प्रोग्रॅम) आणि पर्चवाले. एमआयआरसीवाले नव्वद टक्के असतील, आम्ही उरलेले, पण आमचा माज दांडगा. कारण पर्चमध्ये एकाच खिडकीत दोन-तीन सर्व्हरांना जोडून बसता यायचं. डालनेट या आयआरसीच्या एका जाळ्यावर मुंबईकरांची टवाळी, अंडरनेट या दुसऱ्यावर क्रिकेट, सगळं शेजारी शेजारी. एमआयआरसीवाल्यांना त्यासाठी प्रोग्रॅम दोनदा उघडावा लागायचा. त्यांना ही सोय मिळाली थेट २००२ला, ६.० आवृत्तीत. तोवर पर्च बंद पडून गेला होता हा भाग वेगळा.

शिवाय पर्च९८मध्ये पीआयएल नावाची स्क्रिप्टभाषा होती, वळण पास्कलचं. मी डिप्लोमाला पास्कल नापास झालेलो. पण चॅनलवर (गप्पांच्या खोलीत) कोणी "जय महाराष्ट्र" म्हटलं की आपोआप उत्तर जाईल अशी स्क्रिप्ट दोन रात्रीत लिहिली. एकदा दुसऱ्याकडेही तसलीच स्क्रिप्ट निघाली. दोन मशिनांनी एकमेकांना इतक्या वेळा जय महाराष्ट्र म्हटलं की सर्व्हरने दोघांनाही फ्लडिंगसाठी, म्हणजे संदेशांचा पूर आणल्याबद्दल हाकललं.


ढब्बू_मिरची, ११:५६

हहपुवा.


नाकावर_टिचकी, शनिवार, सकाळी ७:०५

नव्वद टक्क्यांपैकी एक इथं हजर आहे. पर्चवाल्यांना एकच विचारतो, तुमच्याकडे खालिद होते का? एमआयआरसीच्या अबाउट खिडकीत लेखक खालिद मर्दम-बे यांचा फोटो असतो आणि नाकावर क्लिक केलं की "चुक्" असा आवाज येतो. कॅफेत रात्री बाराला सगळे आपापल्या विवंचनेत असताना कोपऱ्यातून एकदम "चुक्". मालक खवळायचा.

आणि माणूस चिवट बघा. १९९५ला काढलेला प्रोग्रॅम, अजून नव्या आवृत्त्या येतात. तोही शेअरवेअरच. तीस दिवसांची मुदत संपली तरी हाकलून देत नसे, नुसती आठवण करायचा. आम्ही ती आठवण रोज बंद करायचो.


रोखठोक_राणे, ७:४०

पापक्षालनाचं कारण कळलं नाही. १९९९ला डॉलर त्रेचाळीस रुपयांच्या आसपास. एमआयआरसीचे २० डॉलर म्हणजे साडेआठशे रुपये. माझ्या मेसचं महिन्याचं बिल त्याहून कमी होतं. अमेरिकन दर लावून इथल्या पोराला चोर ठरवायचं हे काही पटत नाही. लेखकाला पैसे हवेच होते तर इथला दर वेगळा ठेवायचा.


इस्लामपूरची_लेक, ८:१५

राणे, मेसचं बिल सांगताय, कॅफेचं सांगा की. आमच्याकडे सुरुवातीला तासाला साठ रुपये होते. पंधरा तास बसलं की झाला तुमचा परवाना. आमच्या बॅचचा एकेक जण महिन्यात एवढं बसत होता. पैसे नव्हते असं नाही, द्यावेसे वाटत नव्हते. कॅफेवाला समोर उभा असायचा, लेखक सातासमुद्रापलीकडे.

माझंही तेच. मी कोणाला बोलत नाहीये.


रोखठोक_राणे, ८:२२

कॅफेत गप्प बसून ऑर्कुट बघणारे वेगळे, आम्ही घरून डायल करायचो.


इस्लामपूरची_लेक, ८:२५

ऑर्कुट २००४चं. धागा १९९९चा चाललाय. :)


हौशी_हिशोबनीस, १०:०३

बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली काही परकी चलनाच्या टेबलावर. त्यामुळे "द्यावेसे वाटत नव्हते" याच्याशी अर्धाच सहमत. समजा चिंचोकाला १९९९ला द्यावेसे वाटले असते, तर त्याने काय केलं असतं? परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड घरात नाही. म्हणजे डॉलरचा ड्राफ्ट. त्यासाठी ए-टू फॉर्म, त्यात पैसे कशासाठी पाठवताय तो रकाना. तेव्हा परकी चलनाचा जुना कडक कायदा फेरा लागू होता, त्याच्या जागी फेमा आला २०००च्या जूनमध्ये. आमच्याकडे एक मुलगा खरंच आला होता, वीस-पंचवीस डॉलर पाठवायला. कशासाठी? तर म्हणे, संगणकातला प्रोग्रॅम आवडला म्हणून. आमच्या साहेबांनी विचारलं, "प्रोग्रॅम मिळाला का?" म्हणाला, "मिळालाय, वर्षभर वापरतोय." साहेब म्हणाले, "मग आता पैसे कशाला पाठवतोस?"

साहेबांना काही गैर बोलतोय असं वाटलंच नाही. ड्राफ्टचं कमिशन आणि टपाल धरलं तर मूळ रकमेच्या जवळपास जात होतं. मुलगा फॉर्म घेऊन गेला, परत आला नाही.


चिंचोका, १०:२०

काका, तो मुलगा मी नव्हतो, पण असतो तर बरं झालं असतं.


न्यूजर्सीची_नणंद, १०:४८

इथं उलटा अनुभव. मी १९९७ला शिकायला आले तेव्हा चेकबुक हातात पडल्यावर पहिल्या पाच चेकांतला एक शेअरवेअरचा होता. पत्त्यांचा खेळ होता साधा. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, आत फ्लॉपी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी, पेनची शाई जरा फिसकटलेली. लेखक शाळामास्तर होता. दुकानातून पेटी घेतल्यावर असं कोणी लिहीत नाही. फ्लॉपी गेली, चिठ्ठी अजून आहे, पासपोर्टच्या जुन्या फोल्डरमध्ये.

माझ्या नवऱ्याने त्याच खेळाची कॉपी फुकट मिळवली होती. लग्नानंतर कळलं.


कोपऱ्यातला_वाचक, ११:३०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. ही पद्धत निघाली तीच मुळी दोन संगणकांना बोलतं करणाऱ्या प्रोग्रॅमवरून. १९८२मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी आयबीएम पीसीसाठी पीसी-टॉक लिहिला. गप्पांचा नव्हे, मोडेमवरून दुसऱ्या संगणकाशी जोडून देणारा. कॉप्या करा, मित्रांना वाटा, आवडला तर पैसे पाठवा, असं त्यांनी सांगितलं. याला त्यांनी नाव दिलं होतं फ्रीवेअर आणि त्या नावाचा ट्रेडमार्कही घेतला. त्यामुळे बाकीच्यांना ते वापरता येईना. त्याच वर्षी जिम नॉफ यांनी पीसी-फाइल याच धर्तीवर सोडलं होतं, दोघं एकमेकांशी बोलून घेत असत. पुढे १९८३ला बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट काढताना शेअरवेअर हा शब्द वापरला आणि तो रुळला.

फ्लुगेलमन १९८५मध्ये बेपत्ता झाले. त्यांची गाडी गोल्डन गेट पुलाजवळ सापडली, ते सापडले नाहीत. द्यायचे कोणाला, हा प्रश्न तेव्हाही काही लोकांना पडला असणार.


पेंग्विन_पाटील, दुपारी १२:१५

शेअरवेअर आणि आयआरसी म्हटल्यावर एक्सचॅटची मारामारी आठवायलाच हवी. लिनक्सवर एक्सचॅट फुकट, मुक्त स्रोत, जीपीएल परवाना. २००४च्या ऑगस्टमध्ये लेखक पीटर झेलेझनी यांनी जाहीर केलं की विंडोजवरची अधिकृत आवृत्ती आता तीस दिवसांनंतर विकत घ्यावी लागेल. कारण दिलं, विंडोजसाठी बांधणी करण्यात फार वेळ जातो.

लोक भडकले. पैसे मागितले म्हणून कमी आणि इतरांनी पाठवलेले कोडचे तुकडेही त्यात होते म्हणून जास्त. जीपीएलमध्ये पैसे घ्यायला बंदी नाही, पण ज्यांनी फुकट हातभार लावला त्यांना वाटलं, आपल्या घरच्या पोह्यांवर यांनी कांदा पेरला आणि प्लेट विकायला काढली. मग त्याच स्रोतातून दुसऱ्यांनी विंडोजच्या फुकट बांधण्या काढल्या. त्यातल्याच एका धाग्यातून पुढे २०१२ला हेक्सचॅट आला. एक्सचॅटची शेवटची आवृत्ती २०१०ची. हेक्सचॅटनेही २०२४च्या फेब्रुवारीत शेवटची आवृत्ती काढून दुकान बंद केलं, सांभाळायला माणूस नाही म्हणून.

मी स्वतः तेव्हा झेलेझनींना फार शिव्या घातल्या. आता दहा वर्षं स्वतः एक छोटं टूल सांभाळतोय, लोक रात्री दोनला मेल करतात, "तुमचं हे चालत नाही". आता शिव्या घालणार नाही.


सदाशिव_पेठी, १२:२०

पोह्यांवर कांदा पेरत नाहीत, कांदा परततात. खोबरं पेरतात.


पेंग्विन_पाटील, १२:२४

आमच्याकडे तर्रीवर कच्चा पेरतात. नागपूर.


बिट_मोजणारा, १:१०

पोहे झाले असतील तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

चिंचोका, आधी बघ तुझ्याकडे नेमकं काय आहे. पर्चच्या १६-बिटी आणि ३२-बिटी अशा दोन्ही आवृत्त्या फिरत होत्या. ६४-बिटी विंडोज १६-बिटी काहीही चालवत नाही. गंमत म्हणजे त्या काळात प्रोग्रॅम ३२-बिटी असला तरी त्याचा सेटअप कधीकधी १६-बिटी असायचा, तेव्हा तिथंच अडेल. मदतीची फाइल जुन्या एचएलपी प्रकारातली असली तर तीही नव्या विंडोजवर उघडणार नाही. सरळ आभासी मशिनमध्ये (संगणकातल्या खोट्या संगणकात) विंडोज ९८ टाक, रॅम कमी दे, जास्त दिलीस तर ९८ गोंधळतं.

जोडणीचं म्हणशील तर हल्ली बहुतेक लोक ६६९७ पोर्टवर एन्क्रिप्शनसह जातात. पर्चला ते येणं शक्य नाही. पण जुन्या नेटवर्कांवर साधं ६६६७ अजून चालू आहे. पासवर्ड मात्र उघड्यावर जाईल, नेहमीचा वापरू नकोस.

मराठीचं विसर. यूटीएफ-८ या आजच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. "नमस्कार" यात न, म, स, हलंत, क, काना, र अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. पर्चला यातलं काही कळत नाही, तो एकेक बाइट सुटा दाखवणार, म्हणजे एका नमस्काराच्या जागी एकवीस चिन्हांचा किडा. आणि आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांत बसवायचा असतो. त्यातून टोपणनाव, चॅनलचं नाव वगैरे वजा केलं की आजच्या प्रोग्रॅमांनीही मराठीत जेमतेम दीडशे चिन्हं एका दमात जातात. इंग्रजीवाला तेवढ्यात तिप्पट बडबड करतो.


मॉडेमवाला, १:३२

म्हणून आपण रोमनमध्ये लिहायचो. आणि त्यातही टोपणनावाला मूळ नियमात नऊच अक्षरं! डालनेटवर तीसपर्यंत चालायची, तिथं लोकांनी आडनाव-गावासकट नावं घेतली.


नाकावर_टिचकी, १:५०

डालनेटचं नाव काढलंत म्हणून. २००२च्या शेवटी आणि २००३च्या सुरुवातीला डालनेटवर हल्ल्यांचा असा भडिमार झाला की जोडणीच लागेना. सर्व्हर देणाऱ्यांनी एकेक करून हात वर केले. आमचं चॅनल त्यातच विखुरलं. कोणी भांडून गेलं नाही, निरोप घेतला नाही. रोज संध्याकाळी येऊन बघायचं, जोडणी नाही, दोन आठवड्यांनी बघणंही सुटलं. नेटवर्क सावरलं, माणसं सावरली नाहीत. सगळे याहूवर गेले.

आणि पर्चवाल्यांनो, स्क्रिप्ट डॉट इनी या फाइलीतून पसरणाऱ्या किड्यावरून (व्हायरससारखाच प्रकार) तुम्ही आम्हाला फार हसलात ते विसरलेलो नाही. १९९७ला तो एमआयआरसीत डीसीसीवरून, म्हणजे थेट फाइल पाठवायच्या सोयीतून आपोआप शिरायचा. नंतर तुमच्या इव्हेंट्स डॉट इनीतूनही शिरणारे किडे निघाले होते.


मॉडेमवाला, २:०४

हो, निघाले होते. कॅफेच्या सहाही मशिनवर मीच पसरवला होता. मालकाला आजवर सांगितलेलं नाही. दर दिवाळीला फराळाला जातो त्यांच्याकडे.


ढब्बू_मिरची, २:१०

आकाशकंदील!!!


चिंचोका, रविवार, रात्री ९:४५

सांगतो सगळं, ताई.

काल-आज मिळून बिट_मोजणारा यांनी सांगितलं तसं केलं. विंडोज ९८ चढवायला चार तास, त्यातले तीन आवाजाच्या ड्रायव्हरचे. पर्च पहिल्या झटक्यात चालला. करडी खिडकी, वर बटणांची रांग, आणि मला कुठलं बटण कुठं ते आठवत होतं. हाताला आठवत होतं म्हणा. डालनेटला जोडलं, आमच्या जुन्या चॅनलवर गेलो. मी एकटाच. सर्व्हरने चॅनलचा मालक म्हणून नावापुढे आपोआप @ लावलं. तेव्हा त्या @साठी लोकांच्या किती विनवण्या केल्या होत्या.

मग एका मोठ्या भारतीय चॅनलवर डोकावलो. नावं बरीच, बोलत कोणी नाही. "नमस्कार" दुसऱ्या मशिनवरून देवनागरीत टाकून बघितलं, अगदी एकवीस किडे आले, मी मोजले. चाळीस मिनिटांनी कोणीतरी रोमनमध्ये विचारलं, कुठून? मी म्हटलं पुणे. तो म्हणाला मी बहारीनला असतो, ड्युटीवर आहे, नंतर बोलू.

आकाशकंदील: अकरा दिवसांनी परत आलं होतं, लॉगमध्ये आहे. "फोन कापला होता, बिल भरलं नव्हतं." पुढे सहा-सात महिने बोललो. कोण होतं, मुलगा की मुलगी, मला आजही माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. तेव्हा सगळे पहिलं वाक्य तेच विचारायचे, वय-लिंग-गाव, आणि मला वाटायचं आपण वेगळे आहोत. शेवटची नोंद २००१च्या फेब्रुवारीतली आहे: "उद्या येते/येतो बघ". ही तिरकी रेघ माझी नाही, लॉगमधलीच आहे. मला खिजवायला मुद्दाम लिहिलेली असणार.


ढब्बू_मिरची, ९:५१

एवढ्यासाठी तीन दिवस थांबले! :( पण छान.


हौशी_हिशोबनीस, १०:१५

पैशांचं काय ठरलं?


चिंचोका, १०:३२

काका, ज्याला द्यायचे तो पत्ता काही हाती लागला नाही. आडून आडून शोधून कोणाच्या घरी धडकणं बरं दिसत नाही, ते सोडून दिलं. आज संध्याकाळी एमआयआरसीचा परवाना विकत घेतला. कार्डाने, अर्ध्या मिनिटात, ए-टू फॉर्म न भरता. ज्याचं खाल्लं त्याला नाही, त्याच्या शेजाऱ्याला दिले.


नाकावर_टिचकी, १०:३४

म्हणजे पंचवीस वर्षांनी शेवटचा पर्चवालाही आमच्यात आला. नाकावर क्लिक करून बघ.


चिंचोका, १०:३६

केलं. आई उठली, विचारतेय कसला आवाज.


सदाशिव_पेठी, १०:५०

पिर्चवाला.